आपली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते का?

निफाड तालुक्यातील एका तरुण बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपातील बागांची जी चित्रे पाहायला मिळतात त्यांत वेली बर्फात उघड्याबोडक्या उभ्या असतात. त्यांना थंडी मानवते, इतकेच नव्हे तर हिवाळ्याची झोप मिळाली नाही तर त्या वसंतात नीट फुटतही नाहीत, असे सांगितले जाते. मग तीच वेल आपल्याकडे पारा दहा अंशांखाली गेला की का आखडते, मण्यांची फुगवण का थांबते, मणी का तडकतात? आपल्या वेलीला सुप्तावस्था असते की नसते? आणि बाग थकल्यासारखी वाटत असेल तर एखाद्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी न करता तिला हिवाळाभर झोपू द्यावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण निर्णय त्यावर अवलंबून आहे. छाटणी टाळू नका. नाशिक जिल्ह्यातील थंडी वेलीला झोपवण्याइतकी मोठी नाही, मात्र जाग्या वेलीला इजा करण्याइतकी नक्कीच आहे. आपल्या बागेतील हिवाळ्याचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका विसंगतीतून निघतात, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

थंड प्रदेशात वेल झोपते ती एका रात्रीत नव्हे. उन्हाळा उतरणीला लागून दिवस लहान होऊ लागले की शेंड्याची वाढ मंदावते, हिरवी काडी बुडख्याकडून टोकाकडे तपकिरी होत जाते, तिच्यावर सालीचा थर चढतो आणि पानांनी तयार केलेले अन्न पिष्टाच्या रूपाने काडीत, खोडात व मुळांत साठू लागते. काडीतील पाण्याचा अंश घटतो. पुढे थंडी वाढली की साठलेल्या पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो आणि ही साखर पेशींना गोठण्यापासून वाचवते. या काळात डोळा, म्हणजे काडीवर जिथून नवी फूट येते तो कोंब, अशा अवस्थेत गेलेला असतो की त्याला ऊब, पाणी, उजेड सगळे दिले तरी तो फुटत नाही, कारण अडसर बाहेरच्या हवेत नसून डोळ्याच्या आतच असतो. खरी सुप्तावस्था ती हीच. हा आतला अडसर उठण्यासाठी शून्य ते सात अंश तापमानाचे ठरावीक तास जमा व्हावे लागतात. युरोपीय द्राक्षाच्या जातींना ते साधारण १५० ते ४०० तास लागतात. सफरचंदाच्या अनेक जातींना याच्या दुपटीतिपटीहून अधिक तास लागतात, त्या मानाने द्राक्षाची मागणी माफक आहे. हे तास भरले की डोळा आतून मोकळा होतो, पण बाहेर कडाका असल्यामुळे तसाच थांबून राहतो आणि तापमान दहा अंशांच्या वर स्थिरावू लागले की फुगू लागतो. म्हणजे झोपेचे दोन टप्पे आहेत : पहिल्यात डोळ्याला फुटता येत नाही आणि दुसऱ्यात हवामान त्याला फुटू देत नाही. बाहेरून दोन्ही टप्प्यांतील वेल अगदी सारखी दिसते.

पूर्ण झोपलेला डोळा उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी झेलतो, काही जाती त्याहूनही खालची झेलतात. तोच डोळा फुटून हिरवे पान बाहेर आले की उणे एक-दोन अंशांत काळा पडतो. फ्रान्समधील बोर्दो भागात १९५६ च्या फेब्रुवारीत हजारो एकर बागा मेल्या. त्याआधीचा जानेवारी उबदार गेला होता, वेलींत रस चढू लागला होता आणि अशा अर्धवट जाग्या वेलींवर अचानक कडाका येऊन कोसळला. २०२१ च्या एप्रिलमध्येही फ्रान्समध्ये हेच घडले : मार्च अखेरच्या उबेने डोळे लवकर फुटले आणि नंतरच्या दहिवराने कोवळी फूट जाळली. उलट चीनच्या निंगशिया भागात हिवाळा इतका कोरडा आणि कडक असतो की झोपलेली वेलसुद्धा त्यात टिकत नाही. तिथले शेतकरी शरदात वेली तारेवरून उतरवून मातीखाली गाडतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात. या सगळ्यांतून आपल्याला घ्यायची गोष्ट एकच आहे : थंडी किती पडली यापेक्षा ती पडली तेव्हा वेल कोणत्या अवस्थेत होती, हे अधिक महत्त्वाचे असते.

आता आपल्याकडे पाहू. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, तर बोर्दोत तो पावणेनऊ तासांवर येतो. दिवस आखडल्याचा जो इशारा वेलीला तिथे मिळतो तो येथे फारच क्षीण असतो. तापमानाचेही तसेच आहे. निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा पाच अंशांखाली नोंदला जातो आणि ती बातमी राज्यभर जाते, पण सात अंशांखालचे तापमान पहाटेचे काही तासच टिकते आणि दुपारी तीच हवा २७-२८ अंशांपर्यंत तापते. पहाटे जे थोडे शीत तास जमतात त्यांचा परिणाम दुपारची ऊब बऱ्याच अंशी पुसून टाकते. पंजाब-हरियाणात तसे होत नाही. तिथे द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून खरोखर झोपते, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत तिची वर्षातील एकमेव छाटणी होते आणि जूनमध्ये फळ येते. आपल्याकडे वेल सदाहरित वागते. तिला छाटले नाही तर ती झोपत नाही, नुसती रेंगाळते : जुनी पाने तांबेरा आणि केवडा या रोगांनी खराब होऊन गळतात, टोकाचे दोन-चार डोळे मनाला येईल तेव्हा फुटतात, त्या शेंड्यांच्या वर्चस्वामुळे खालचे डोळे दबून राहतात आणि साठवलेले अन्न निरुपयोगी फुटीवर खर्च होते. ऑक्टोबरची छाटणी टाळून वेलीला विश्रांती मिळत नाही ती यामुळे. उलट पुढच्या खरड छाटणीच्या, म्हणजे एप्रिलमधील छाटणीच्या, वेळी तिच्याकडे साठा आणखी कमी असतो.

आपली दोन छाटण्यांची पद्धत या अडचणीवर शोधलेला तोडगा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी एक-दोन डोळ्यांवर आणायची, त्यातून नवी काडी वाढवायची, तिच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होऊ द्यायचे, पावसाळ्यात ती काडी पक्व करायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहाराची छाटणी करून तेच घड बाहेर काढायचे. ऑक्टोबरपर्यंत या डोळ्यांत थोडीफार सुप्तता आलेली असते, पण ती अर्धवट आणि असमान असते, आणि तिला उठवायला लागणारे शीत तास तर त्या महिन्यात मुळीच नसतात. नुसती छाटणी केली तर एका काडीवर एक डोळा दहाव्या दिवशी फुटेल, शेजारचा पंचविसाव्या दिवशी आणि तिसरा फुटणारच नाही. अशा बागेत पुढे फुलोरा, विरळणी, जीएची (जिबरेलिक आम्ल या वाढ संजीवकाची) डीप, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवणे, काढणी यांपैकी एकही काम एका दमात होत नाही. म्हणून छाटणीपूर्वी पाणी कमी करून, गरज पडल्यास इथेफॉन फवारून पानगळ करतात आणि छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. बाजारात ते डॉर्मेक्स या नावाने अधिक ओळखले जाते. हे रसायन डोळ्याच्या श्वसनात अडथळा आणते, कॅटालेज या विकराचे काम रोखते आणि त्यातून पेशींवर जो ताण येतो तो आतला अडसर मोडतो. थंड प्रदेशात जे काम शेकडो तासांची थंडी करते ते येथे रसायन काही तासांत करून घेते.

पेस्टच्या प्रमाणाबद्दलही विचारले आहे. प्रचलित ५० टक्क्यांच्या द्रावणाचे प्रमाण लिटरला साधारण ३० ते ५० मिलि असते. हवा तापलेली असेल आणि काडी बारीक असेल तर खालचे प्रमाण पुरते; छाटणी नोव्हेंबरकडे सरकली, रात्री गार झाल्या आणि काडी जाड असेल तर वरच्या प्रमाणाकडे जावे लागते. छाटणीनंतर एक-दोन दिवसांच्या आत, जे डोळे फोडायचे आहेत तेवढ्यांवरच, सर्व बाजूंनी सारखी पेस्ट लागली पाहिजे. प्रमाण वाढवून थंडीवर मात करता येत नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. रसायन डोळ्याला उठवते; पुढची वाढ हवेच्या तापमानावरच होते, आणि जास्त प्रमाणाने डोळा जळतो तो कायमचाच. येथे मजुरांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून लिहितो. हे रसायन शरीरात मद्याच्या पचनाची साखळी तोडते. पेस्ट लावणाऱ्याने आदल्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत मद्य घेतले तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, धाप लागणे, रक्तदाब घसरणे असे गंभीर त्रास होतात. टोळीला काम सांगतानाच हे मोकळेपणाने सांगावे, रबरी हातमोजे द्यावेत आणि मोजे घातल्याशिवाय कोणालाही कामाला लावू नये.

अशा रीतीने आपण ऐन हिवाळ्याच्या तोंडावर वेलीला जागी करतो आणि तिच्यावर पीक धरतो. थंड प्रदेशातील वेल ज्या महिन्यांत निपचित असते त्याच महिन्यांत आपली वेल फुलत, फळत आणि मणी भरत असते. तिला थंडी का बाधते हे एका साध्या हिशेबाने दिसेल. द्राक्षवेलीची वाढ दहा अंशांच्या वरच्या तापमानावर चालते, असे मानून दिवसाच्या सरासरी तापमानातून दहा वजा केले की त्या दिवशी वेलीला वाढीसाठी किती ऊब मिळाली याचा अंदाज येतो. ऑक्टोबरात कमाल ३२ आणि किमान २० असेल तर सरासरी २६, म्हणजे हाती १६ आले. डिसेंबर अखेरीस कमाल २८ आणि किमान ८ असेल तर सरासरी १८, म्हणजे हाती फक्त ८ उरले. तीच वेल, तेच खत, तेच पाणी, पण रोजची चाल निम्म्यावर आली. आपण दुपारचे ऊन पाहतो आणि हवा चांगली आहे असे समजतो. वेल मात्र रात्रीचाही हिशेब धरते. फुगवण ‘थांबली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती थांबलेली नसते, निम्म्या गतीने चाललेली असते. अशा वेळी घाबरून जीएच्या वाढीव फवारण्या देण्याने गाडी पुढे जात नाही. थंडीत पानांकडून शोषणच कमी होते, देठ मात्र जाड आणि कडक होतात. फवारणी द्यायचीच असेल तर पहाटेच्या गारठ्यात किंवा दव असताना देऊ नये. पाने कोरडी होऊन हवा तापल्यावर द्यावी.

छाटणीच्या तारखेचे महत्त्व यातच आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेली बाग नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलते, आणि कडाका सुरू होतो तेव्हा तिचे मणी सहा-आठ मिलिमीटरच्या पुढे गेलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेली बाग ऐन थंडीत फुलोऱ्यात सापडते. तिच्या काडीची पेरे आखूड राहतात, पाने लहान आणि वाटीसारखी होतात, फुलोरा लांबतो, फुलांच्या टोप्या नीट गळत नाहीत आणि एकाच घडात मोठे-बारीक मणी येतात. लवकर छाटणी केली तर हे टळते, पण परतीच्या पावसात केवडा आणि घडकुजीची जोखीम पत्करावी लागते. म्हणून सगळी बाग एका तारखेला न छाटता तुकडे पाडावेत आणि खोलगट, गारठा धरणारा तुकडा आधी छाटावा, उंचवट्यावरचा नंतर. बागलाणातील बागायतदार याहूनही लवकर, पावसाळ्यातच छाटतात, त्यामुळे कडाक्याच्या आधी त्यांचा माल बाजारात गेलेला असतो. सांगली-तासगाव भागात किमान तापमान सहसा इतके उतरत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागायतदाराने त्यांचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये.

मण्यात पाणी उतरल्यानंतरची, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यानंतरची थंडी सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक लिहितो. पाणी उतरेपर्यंत मणी कडक असतो आणि साल जाड असते. त्यानंतर साखर भरू लागते, साल पातळ व ताणलेली होते आणि आतील गोड रस बाहेरचे पाणी ओढून घेण्याच्या स्थितीत येतो. थंड, दमट, वारा नसलेल्या रात्री पानांतून बाष्पीभवन जवळजवळ होत नाही. जमीन ओली असेल तर मुळे पाणी वर ढकलतच राहतात, आणि वरून दव मण्याच्या सालीवर तासन्‌तास बसून राहते. साल हे पाणी आत घेते. गारठ्याने ती लवचीकही उरलेली नसते. सकाळी ऊन चढते, मणी आतून फुगतो आणि देठाजवळ बारीक अर्धवर्तुळाकार चीर पडते किंवा तो उभा तडकतो. दुपारपर्यंत त्या चिरेतून रस पाझरतो, मग माश्या आणि बुरशी, आणि शेजारचे चांगले मणीही खराब होतात.

याचा अर्थ थंडीत पाणी पूर्ण बंद करावे असा नाही. बाग आधी ताणावर ठेवून नंतर एकदम भरपूर पाणी देणे हे तडकण्याचे सर्वांत मोठे कारण मी बागोबाग पाहत आलो आहे. डिसेंबर-जानेवारीत बाष्पीभवन उन्हाळ्याच्या निम्म्याहूनही कमी असते, म्हणून ठिबकचा वेळ त्या प्रमाणात कमी करावा, पण पाणी रोज किंवा दिवसाआड, थोडे आणि सारखे असावे. कॅल्शियमच्या फवारण्यांबद्दलही गैरसमज फार आहे. कॅल्शियम मण्यात जाते ते मुख्यतः सेटिंगपासून, म्हणजे मणी धरल्यापासून, पाणी उतरेपर्यंत, जलवाहिन्यांतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर. पाणी उतरल्यावर तो मार्ग बव्हंशी बंद होतो. तडकायला लागल्यावर कॅल्शियम फवारणाऱ्याचा खर्च वाया जातो; साल मजबूत करायची असेल तर ते काम मणी वाटाण्याएवढे होण्याआधी करायला हवे.

थॉमसन आणि तिच्या गटातील पांढऱ्या जातींत दुसरा धोका गुलाबी मण्यांचा आहे. या जाती पांढऱ्या दिसतात कारण मण्यात रंगद्रव्य तयार होण्याची वाट बंद असते. पण पाणी उतरण्याच्या काळात रात्र खूप गार आणि दिवस ऊबदार असा वीसएक अंशांचा फरक सलग काही दिवस राहिला की ती वाट काही मण्यांत किलकिली होते आणि सालीवर फिकट गुलाबी छटा येते. चवीत काहीही उणे नसते, तरी निर्यातीत तो माल बाजूला पडतो. पाणी उतरण्याच्या सुरुवातीलाच घडांना कागद गुंडाळणे हा आज आपल्याकडचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ऊन आणि गारठा दोन्ही थेट घडावर येत नाहीत. रंग दिसू लागल्यावर कागद लावला तर आलेला रंग जात नाही. मजुरांची ओढाताण असेल तर आधी पूर्वेकडच्या आणि कडेच्या ओळी, तसेच जिथे पानांचे छत विरळ आहे तिथले घड झाकावेत.

आता अतिथंड रात्रींविषयी. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल त्या रात्री जमीन आपली ऊब थेट आकाशाकडे सोडते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली वाहत नदीकाठच्या व नाल्याकडेच्या खोलगट भागात साचते. गोदावरी, कादवा, बाणगंगा यांच्या काठच्या बागांना शेजारच्या माळावरील बागांपेक्षा जास्त गारठा का लागतो, ते यावरून कळेल. शिवाय हवामान केंद्राचा तापमापक पेटीत, सावलीत असतो. उघड्या आकाशाखालचे पान त्याहून दोन-तीन अंश अधिक गार होऊ शकते. केंद्रात तीन अंश नोंदले गेले असताना पानांवर दव गोठलेले दिसते ते या कारणाने. म्हणून बातमीतल्या आकड्यावर विसंबू नका. किमान तापमान टिपणारा साधा तापमापक बागेच्या सर्वांत खोल कोपऱ्यात घडांच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी वाचा.

गोठलेल्या बागेत सकाळी लवकर गेल्यास मांडवाच्या वरच्या थरातील पानांच्या कडांवर आणि तारेवर पांढरे कण दिसतात. सूर्य वर आल्यावर ते वितळतात आणि पान आधी उकडल्यासारखे गडद, पाणचट दिसते. खरी इजा झाली असेल तर दुपारपर्यंत तो भाग तपकिरी पडून चुरगळतो. अशी पाने लगेच काढू नयेत, कारण खालच्या थरातील घडांना पुढच्या रात्री त्यांचाच आडोसा असतो. किती शेंडे जिवंत आहेत हे चार-पाच दिवसांनी नीट कळते.

शेकोट्यांबद्दल सांगायचे तर उपयोग धुराचा नसून उष्णतेचा आहे. जमिनीची ऊब रोखण्याची क्षमता धुरात फारच थोडी असते. वर काही मीटरवर तुलनेने ऊबदार हवेचा थर असतो. बांधावर आणि ओळींत अनेक छोट्या शेकोट्या केल्या तर त्या थराखालची हवा ढवळली जाऊन थोडी तापते. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा त्या थरातून आरपार वर निघून जाते आणि आजूबाजूची गार हवा उलट बागेत ओढली जाते. पाण्याचा उपयोग शेकोटीपेक्षा खात्रीचा आहे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा पुष्कळ ऊबदार असते आणि ओली जमीन दिवसा उष्णता अधिक साठवून रात्री ती हळूहळू सोडते. भुसभुशीत, कोरड्या, नुकत्याच वखरलेल्या जमिनीत हे होत नाही. म्हणून कडाक्याच्या आठवड्यात बागेत मशागत करू नये आणि ओळीतील गवत उंच असेल तर ते छाटून ठेवावे. पण येथे वेलीची अवस्था पुन्हा आडवी येते. पाणी उतरण्यापूर्वी पहाटे ठिबकने तासभर पाणी देण्याला माझी हरकत नाही. पाणी उतरल्यावर मात्र गारठा टाळण्याच्या नादात बोद (वेलींच्या ओळीखालचे मातीचे उंच वरंबे) तुडुंब भिजवले तर तडकण्याला आपणच आमंत्रण देतो. त्या टप्प्यात आदल्या दिवशी दुपारी हलके पाणी देऊन जमीन ओलसर ठेवावी, इतकेच. युरोपात कोवळ्या फुटीवर रात्रभर तुषार सिंचन करून बर्फाच्या कवचात ती वाचवतात. तो प्रकार आपल्याकडे करू नये, कारण आपल्या मांडवावर घड लटकलेले असतात आणि भिजलेल्या छतात केवडा चार दिवसांत पसरतो. गार आणि ढगाळ हवेत भुरी या बुरशीजन्य रोगाकडेही लक्ष हवे. दाट छतात, घडाच्या आतल्या बाजूला ती आधी येते.

थंड जमिनीत मुळीचे काम मंदावते, स्फुरद आणि मॅग्नेशियमचे शोषण घटते आणि पाने कडेने जांभळट-लालसर होतात. अशा वेळी जमिनीतून खतांचा मारा वाढवण्याचा फायदा होत नाही. ठिबकमधून कमी मात्रा अधिक वेळा विभागून द्यावी आणि बोदावर उसाचे पाचट पसरून मुळीला ऊब द्यावी. मात्र पाचटाने झाकलेली जमीन दिवसा कमी तापते आणि रात्री छताला ऊब कमी देते, म्हणून आच्छादन बोदापुरतेच ठेवावे, दोन ओळींमधील पट्टा उघडा राहू द्यावा.

बाग थकली आहे हे तुमचे निरीक्षण मी गंभीरपणे घेतो. ज्या वर्षी कडाका लांबतो त्या वर्षी काढणी मार्च अखेरीस जाते, खरड छाटणी मे महिन्यात ढकलली जाते आणि नव्या काडीतील सूक्ष्म घडनिर्मितीचे दिवस, म्हणजे छाटणीनंतरचे साधारण चाळीस ते साठ दिवस, जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतात. घड घडण्यासाठी डोळ्यावर भरपूर ऊन लागते. ते मिळाले नाही की डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे तणाव्यासारखा वांझ फुटवा तयार होतो. ऑक्टोबरात घड कमी का निघाले याचे कारण अनेकदा आदल्या जानेवारीच्या थंडीत असते, आणि बागायतदार ते ऑक्टोबरच्या पेस्टमध्ये शोधत बसतो.

वेलीला विश्रांती द्यायची ती काढणी संपल्यानंतर आणि खरड छाटणीच्या आधी. शेवटचा घड उतरला की पाणी तोडून बाग वाळवण्याची आपल्याकडे सवय आहे; तसे करू नये. पाने हिरवी असतील तोवर ती अन्न तयार करतात, आणि घड नसल्याने ते सगळे खोड, ओलांडे (खोडापासून निघणाऱ्या आडव्या फांद्या) आणि मुळांत जाते. दोन-तीन आठवडे हलके पाणी, थोडे नत्र व पालाश द्यावे, भुरी आणि लाल कोळीपासून पाने वाचवावीत आणि मग खरड छाटणी करावी; खरडीनंतर पहिली पाच-सहा पाने याच साठ्यावर निघतात. काढणी लांबली म्हणून हे आठवडे गाळण्याचा मोह होतो. थकलेल्या बागेत तो आवरावा. फार तर ज्या तुकड्याची काढणी आधी संपली तिथली खरड आधी उरकून घ्यावी. त्याबरोबर पुढच्या गोड्या बहारात घडांची संख्या फुलोऱ्याआधीच नेहमीपेक्षा कमी करावी, कारण थकलेल्या वेलीवरील जास्तीचे घड सर्वांत आधी साठाच खातात.

साठा झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. सप्टेंबरमध्ये, छाटणीच्या दोन-तीन आठवडे आधी, बागेच्या निरनिराळ्या भागांतून पेन्सिलएवढ्या जाडीच्या काही काड्या घ्या, चौथ्या-पाचव्या पेरात धारदार चाकूने आडव्या कापा आणि कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडा. भेंड, म्हणजे काडीच्या मधला गाभा, तपकिरी असेल आणि भोवतालचे लाकूड निळसर काळे झाले तर पिष्ट भरलेले आहे. रंग फिकट राहिला किंवा ठिपक्याठिपक्यांनी आला, भेंड हिरवट पांढरे दिसले, तर काडी अजून पिकलेली नाही. त्या तुकड्याची छाटणी दहा-बारा दिवस पुढे ढकला, शेंडे मारून नवी वाढ थांबवा, पालाशची फवारणी करा आणि पानगळीची घाई करू नका. त्याच काड्यांचे डोळे प्रयोगशाळेत तपासून घ्या, म्हणजे घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहून कात्री कुठे चालवायची हेही ठरेल.